नळ आला, खातं गेलं

१

गुरुवारी सकाळी सहा वाजून एक मिनिटाने रूही मणियारचं आठ महिन्यांचं काम नाहीसं झालं. कुलूप तुटलं नव्हतं, काही सांडलं नव्हतं. मोबाइलवर फक्त चार वाक्यं होती.

‘तुमच्या खात्याने आमच्या नियमांचा भंग केला आहे. खाते बंद करण्यात आले आहे. बहात्तर तासांच्या आत तुम्ही एकदाच अपील करू शकता. कमाल पाचशे अक्षरे.’

शुक्रवारी दुपारी ती जळगावात नर्मदाबाई सपकाळे यांच्या दारात उभी राहिली, तेव्हा बहात्तरातले बत्तीस तास संपले होते.

नर्मदाबाईंनी एकतीस वर्षं पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत काढली होती. निवृत्तीनंतर कॉलनीतले लोक त्यांच्याकडे पाण्याऐवजी भानगडी तपासायला आणत. कैरीच्या लोणच्याची बरणी कुणी पळवली, मोटारीची वायर कुणी कापली, अशा. बरणीच्या प्रकरणात त्यांनी मांजराला निर्दोष ठरवलं होतं आणि मांजराच्या मालकाने अजून त्यांच्याशी बोलणं सुरू केलेलं नव्हतं. सगळे त्यांना अक्का म्हणत.

अक्कांनी मजकूर दोनदा वाचला. “कोणत्या नियमाचा भंग?”

“ते सांगत नाहीत, अक्का.”

“मग अपील कशाबद्दल करायचं?”

“तेच आपण ओळखायचं. कारण बरोबर लिहिलं तर खातं परत मिळतं, चुकलं तर कायमचं गेलं.”

“म्हणजे पेशंटला काय झालंय ते डॉक्टरला माहीत आहे, पण सांगणार नाही. आणि पेशंटने औषध ओळखायचं. एकाच डोसात.” अक्कांनी चष्मा पुसला. “बस. आधी मला हे सांग, तुझं खातं म्हणजे नेमकं काय होतं? मी ‘ओटा’वर नाही.”

‘ओटा’ हे गप्पांचं ॲप. मोबाइल असलेला जवळजवळ प्रत्येक जण त्यावर असतो, अक्का सोडून. रूही नाशिकची नोकरी सोडून धुळ्याला घरी आली होती आणि तिने ‘ओटा’वर ‘नळ’ नावाचं एक खातं तयार केलं होतं. ते आपोआप चालायचं. धुळ्यातल्या कुठल्याही गल्लीतली बाई नळाला पाणी आलं की ‘नळ आला’ एवढे दोन शब्द लिहायची. रूहीने लिहिलेला प्रोग्राम ती खबर लगेच त्या वस्तीतल्या बाकीच्या बायकांना पोचवायचा. कामावर गेलेली बाई निदान शेजारणीला फोन करून बादली लावायला सांगू शकायची. तीन हजारांवर बायका त्यात होत्या.

“आणि त्या तीन हजार जणींची नावं, नंबर?”

“ओटावर.”

“तुझ्याकडे?”

रूही उठून उभी राहिली.

“एकतीस वर्षांत,” अक्का म्हणाल्या, “नमुन्याची एकच बाटली आणणारा माणूस मी रोज पाहिला. ती फुटली की तो असाच उभा राहायचा. तुझ्याकडे काहीच उरलं नाही?”

उरले होते ते फक्त एसएमएस. नळ आला की रूहीचा प्रोग्राम तिच्या स्वतःच्या मोबाइलवर एक ओळ पाठवायचा. बंद पडलं ते खातं रंगरेज वस्तीच्या पाळीच्या दिवशी. तिथे सोमवारी आणि गुरुवारी पाणी यायचं. अक्कांनी त्या वस्तीच्या शेवटच्या तीन ओळी वहीत उतरवून घेतल्या.

मागचा गुरुवार : ६.०३. पहिली : सुगराबी.
सोमवार : ६.००. पहिली : यशोदाबाई.
हा गुरुवार : ६.००. पहिली : सुगराबी. पहिल्या मिनिटात ३४१.

“पहिली म्हणजे?”

“जी सगळ्यांत आधी कळवते तिचं नाव दिवसभर वर राहतं, बाजूला गुलाबाचं चित्र. बायकांनी उत्साहाने कळवावं म्हणून मीच केलं होतं. सुगराबी माझी खाला, म्हणजे मावशी. आणि बघा ना अक्का, शेवटची सकाळ तर सगळ्यांत छान गेली. एका मिनिटात तीनशे एक्केचाळीस! इतक्या कधीच नव्हत्या.”

अक्कांनी ३४१ या आकड्याभोवती पेन्सिलीने एक गोल काढला आणि विचारलं, “तुझं वाईट व्हावं असं कुणाला वाटतं?”

“दोघांना,” रूही म्हणाली. “आणि एकाने तर तसं तोंडावर सांगितलंय.”

२

पहिला तेजस. तो जळगावातच होता. रूहीबरोबर त्यानेच ‘नळ’ सुरू केलं होतं. चार महिन्यांपूर्वी भांडून बाहेर पडला आणि हुबेहूब तसंच ‘पाणीदूत’ काढलं. ‘पाणीदूत’मध्ये सव्वीस जण होते, त्यांतले नऊ त्याच्या घरातले.

त्याने दार उघडलं, अक्कांना पाहिलं आणि आपसूक चप्पल काढली. ते त्याचंच घर होतं.

“तू ‘ओटा’कडे तक्रार केलीस?” अक्कांनी विचारलं.

“नाही.”

“बरं.”

अक्का खुर्चीवर बसल्या आणि काहीच बोलल्या नाहीत. प्रयोगशाळेत निकालाची वाट बघायची त्यांना सवय होती. तेजसने पाणी आणून दिलं. मग पंखा वाढवला. मग कमी केला.

“केली,” तो म्हणाला. “पण अक्का, ऐकून तर घ्या!”

“ऐकायलाच आलेय.”

“लिहिलं की हे खातं माझी कल्पना चोरून चालवलंय.”

“अरे, चोर कोण?” रूही उसळली. “नावात पाणी घातलंस, बाकी सगळं माझं!”

“तू थांब,” अक्का रूहीला म्हणाल्या आणि तेजसकडे वळल्या. “तक्रार कधी केलीस?”

तेजसने मोबाइल पुढे केला. त्याचे कान लाल झाले होते. तक्रार गुरुवारी रात्री आठची होती. खाली ‘ओटा’चं उत्तर : ‘आपण नमूद केलेले खाते अस्तित्वात नाही.’

“म्हणजे तू मेलेल्या माणसाला विष घातलंस, तेही चौदा तास उशिरा,” अक्का म्हणाल्या. “आणि हे तुला तेव्हा कळलं नाही?”

“मला वाटलं, तक्रार केली म्हणून लगेच काढून टाकलं. मी तर घाबरलो. रात्रभर झोपलो नाही.” तो रूहीकडे वळला. “शपथ. वाईट वाटलं.”

“किती वाईट?” रूहीने विचारलं.

“पाणीदूत बंद करावं इतकं नाही.”

जिना उतरताना रूही म्हणाली, “मग राहिला नईमभाई. त्यानेच सांगितलं होतं, तुझं मशीन बंद पाडीन म्हणून.”

“काय करतो हा नईमभाई?”

“पाण्याचे टँकर.”

अक्का जिन्यातच थांबल्या. “नळ कधी येणार ते सगळ्यांना कळलं तर ज्याचा धंदा बसतो, तो हा. उद्या पहिली बस किती वाजता?”

३

एरंडोल गेलं, पारोळा गेलं, तोवर अक्कांनी ‘ओटा’ची नियमावली संपवली. रूहीने ती छापून आणली होती, चौसष्ट पानं. अक्का लाल पेन घेऊन वाचत होत्या. पलीकडच्या बाकावरच्या माणसाने त्यांना पेपर तपासणाऱ्या मास्तरीण समजून आपल्या मुलाच्या गुणांबद्दल सल्ला विचारला. त्यांनी दिला.

“यांतले तीनच नियम तुला लागू होऊ शकतात,” त्या रूहीला म्हणाल्या. “एक, लोकांची माहिती विकणे.”

“नाही विकली.”

“दोन, शिवीगाळ.”

“नळावर भांडणं होतात, पण ओटावर लिहायला वेळ कुणाला असतो?”

“तीन, नियम एक्केचाळीस. अनेक खात्यांवरून एकाच क्षणी, एकाच शब्दांत मजकूर आला, तर तो माणसांनी नव्हे, यंत्रांनी लिहिला असं समजलं जाईल. खोट्या खात्यांची टोळी.”

“अक्का, खाती खोटी कशी असतील? मी निम्म्या जणींच्या घरी चहा प्यायलेय. आणि पाणी एका क्षणी सगळ्यांकडे येतच नाही, पुढेमागे येतं. मागच्या आठवड्यापर्यंत अर्धा अर्धा तास एकेक जण कळवत असायची.”

“तेही खरं,” अक्का म्हणाल्या, आणि तीनही नियमांपुढे प्रश्नचिन्ह काढून ठेवलं.

नईमभाई धुळ्यात विहिरीजवळ टँकर भरताना भेटला. रुंद माणूस, खांद्यावर ओला टॉवेल. रूहीला बघताच त्याने हात जोडले.

“आली का! ये. बंद पडलं म्हणे तुझं मशीन? मी नाही पाडलं.”

“पाडीन म्हणाला होतात.”

“म्हणालो होतो. मी तर आमच्या साडूलाही म्हणतो, तुझं घर पाडीन. अजून उभं आहे.” तो अक्कांकडे वळला. “बाई, तुम्ही पोलीस?”

“नाही. पाणी तपासायचे.”

नईमभाईचा चेहरा उतरला. “विहिरीचं पाणी चांगलं आहे हां. कधीही बाटली न्या.”

“नंतर. गुरुवारी सकाळी सहाला तुम्ही कुठे होता?”

“झोपेत. सव्वासहाला फोन वाजायला लागला. मग काय विचारता! सतरा टँकर केले, एक टँकर, एक ड्रायव्हर, तो मीच. दुपारचं जेवण संध्याकाळी चारला. तक्रारबिक्रार करायला फुरसत कुठे होती? मला तर ते ओटावर बटण कुठे असतं तेही माहीत नाही.”

“सतरा टँकर कुठे दिले?”

“सगळे एकाच भागात. रंगरेज वस्ती.” त्याने रूहीकडे हनुवटी केली. “पहिला फोन हिच्या खालाचाच.”

अक्कांनी आभार मानले, विहिरीच्या पाण्याची एक बाटली खरोखरच भरून घेतली, आणि रस्त्यावर आल्यावर वही उघडली.

“रूही, गुरुवारी सहा वाजता तुझी खाला काय म्हणाली?”

“नळ आला. पहिली तीच.”

“आणि सव्वासहाला तिने टँकर मागवला.”

रूहीने वहीत डोकावलं.

“तीनशे एक्केचाळीस बायका म्हणतात पाणी आलं,” अक्का म्हणाल्या, “आणि सतरा टँकर म्हणतात आलं नाही. टँकर सहसा खोटं बोलत नाहीत. पाणी सोडणारा माणूस कोण आहे?”

४

रंगरेज वस्तीचं पाणी झिपरू नाना सोडायचे. बावीस वर्षं खांद्यावर लांब लोखंडी चावी घेऊन ते पाइपचे वॉल उघडत आले होते. अक्का गेल्या तेव्हा ते ओसरीवर बसून ट्रान्झिस्टरचे सेल उन्हात ठेवत होते.

“गुरुवारना दिन?” नाना अहिराणीत म्हणाले. “मुख्य पाइप फुटना ना अक्का, बुधवारना रातले. मी चावीले हातबी लावा नही. पानी उनंच नही.”

“एक थेंबही नाही?”

“एक थेंब नही. शुक्रवारले सोडं.”

रूहीने डोक्याला हात लावला. अक्का मात्र खुशीत दिसल्या. त्यांनी विचारलं, “हल्ली तुम्ही अगदी वेळेवर पाणी सोडता म्हणे?”

नाना ताठ झाले. “नऊ आठवडा व्हयनात. रेडिओवर सहाना टोला पडना, का मी चावी फिरावस. एक सेकंद इकडं तिकडं नही.”

“आणि त्याआधी?”

“आधी मन्हा चहा व्हयना, का मंग.”

“मग बदललं काय?”

झिपरू नानांनी एक सेल उचलला, पुसला, परत ठेवला. “बावीस वरीस बठ्ठा लोके माले गाया, शिव्याच देत व्हतात. या पोरीना मोबाइलमा एक दिन कोन्ही लिखं, ‘झिपरू नाना, आज पानी बेस उनं.’ मन्हा पोरगानी वाची दखाडं.” त्यांनी दुसरा सेल उचलला. “मी त्या दिन जेवनूच नही.”

 अक्कांनी ते वहीत उतरवून घेतलं. मग त्यांनी शेवटचा प्रश्न विचारला.

“वॉल उघडला की पाणी आधी कुणाकडे जातं?”

“पहिलं सुगराबीना घर. दोन-तीन मिनिटं. आखरी यशोदाबाई, टोकले, तिसरा मजला. तठे जावाले वीस मिनिटं लागतस.”

“कधी लवकर?”

“पानी शे ते अक्का,” नाना म्हणाले. “पळस, पन उडस नही.”

अक्कांनी वही उघडली आणि सोमवारच्या ओळीवर बोट ठेवलं. सोमवार : ६.००. पहिली : यशोदाबाई.

“चल,” त्या रूहीला म्हणाल्या. “गुन्हेगार कळले.”

“कळले? किती आहेत?”

“तीनशे एक्केचाळीस. आणि एक तू.”

५

सुगराबीचं म्हणणं होतं की असं काही सांगायचं तर सगळ्यांना एका खोलीत बसवावं लागतं. तिने टीव्हीवर पाहिलं होतं. म्हणून तिने खोली झाडून घेतली, चहा टाकला आणि गल्लीला निरोप धाडला. संध्याकाळी साडेपाचच्या सुमाराला खोलीत सव्वीस बायका होत्या. नईमभाई आणि झिपरू नाना दाराशी. तेजस व्हिडिओ कॉलवर, साखरेच्या डब्याला टेकवलेला. यशोदाबाई तिसऱ्या मजल्यावरून उतरून आल्या होत्या आणि सुगराबीपासून जितकं लांब बसता येईल तितकं लांब बसल्या होत्या.

“आधी एक प्रयोग,” अक्का म्हणाल्या. “सगळ्यांनी मोबाइल काढा. रूहीच्या नंबरवर साधा एसएमएस करायचा, ‘नळ आला’. पण मी टाळी वाजवेन तेव्हाच. नंबर ती सांगते.”

“पहिली आली तिचं नाव लागणार?” मागून कुणीतरी विचारलं.

“लागणार.”

खोलीत जे घडलं ते रूहीने कधी पाहिलं नव्हतं. चहाचे कप खाली गेले. चष्मे वर गेले. सव्वीस अंगठे सव्वीस काचांवर एक बोट उंचीवर थांबले. एका आजींनी श्वास रोखून धरला. अक्कांनी टाळी वाजवण्यासाठी हात फक्त उचलले, आणि रूहीचा मोबाइल टेबलावर थरथरत निघाला तो कडेपर्यंत गेला. सुगराबीने तो वरच्यावर झेलला.

“मी टाळी वाजवलेली नाही,” अक्का म्हणाल्या.

 साखरेच्या डब्यापाशी तेजस म्हणाला, “बाप रे.”

“आता गुरुवारचं सांगा. सहा वाजता तुमच्यापैकी किती जणींनी नळ उघडून पाहिला होता?”

एकही हात वर झाला नाही.

“तौबा,” सुगराबी शेवटी म्हणाली. “खरं सांगते. नाही उघडला. पण सुरुवात मी नाही केली. त्या यशोदाबाईंना विचारा!”

“मला काय विचारता?” यशोदाबाई म्हणाल्या. “माझा नंबर आजन्म शेवटचा. पाणी शेवटी, लग्नाच्या पंगतीत शेवटी. आठ महिन्यांत एकदाही गुलाब मिळाला नाही. नानांचा नळ सहाच्या ठोक्याला सुटतोच, मग मी सहाला लिहिलं तर काय खोटं? वीस मिनिटांनी आलंच ना पाणी!”

“बघा!” सुगराबी उभी राहिली. “माझ्या नळाला थेंब नाही आणि यांचं नाव वर! तिसऱ्या मजल्यावर! मी सगळ्या गल्ल्यांना सांगितलं, असं असेल तर आपणही गुरुवारी तयार बसायचं. बघू कोण पहिली येते.”

“आणि सगळ्या तयार बसल्या,” अक्का म्हणाल्या.

“सगळ्या. शब्द आधीच लिहून. रेडिओ लावून.”

“मन्हा रेडिओ?” झिपरू नाना दारातून म्हणाले.

“तुमचा नाही, नाना. पण टोला तोच.”

६

अक्कांनी उलगडा केला तो प्रयोगशाळेतल्या आवाजात, घाई न करता.

“पाणी तपासताना आम्ही एक नमुना कोरा ठेवतो. शुद्ध पाणी, त्यात काहीही नाही. त्यातही औषध टाकतो. रंग यायला नको. आला, तर दोष पाण्यात नाही, तपासणीत आहे. गुरुवार हा तुमचा कोरा नमुना होता. नळ आलाच नाही, तरी तीनशे एक्केचाळीस जणींनी लिहिलं, आला. म्हणजे त्या पाण्याला बघून लिहीत नव्हत्या, घड्याळाला बघून लिहीत होत्या.

“आधी नाना केव्हाही पाणी सोडायचे, म्हणून बायका पाण्याची वाट बघायच्या. ते घरोघर पुढेमागे पोचायचं, खबराही पुढेमागे यायच्या. रूहीमुळे नानांचं कौतुक झालं, म्हणून नाना वेळेवर आले. नाना वेळेवर आले म्हणून यशोदाबाईंना पाणी बघायची गरज उरली नाही. त्यांनी सोमवारी गुलाब पटकावला म्हणून गुरुवारी सगळ्यांनी तेच केलं. ‘ओटा’च्या यंत्राला दिसलं काय? शेकडो खाती, तेच दोन शब्द, तोच क्षण. नियम एक्केचाळीस. त्याने या बायकांना यंत्रं समजून बाहेर काढलं.”

“मला यंत्र समजला?” यशोदाबाई म्हणाल्या. “मेला कुठला.”

“आणि गुलाब मी लावला होता,” रूही हळूच म्हणाली.

“तू लावला होतास.”

अपील लिहायला बारा तासही राहिले नव्हते. आता मतभेद सुरू झाले.

“माझं नाव घाल,” साखरेच्या डब्याजवळून तेजस म्हणाला. “म्हण, प्रतिस्पर्ध्याने बनावट खाती घुसवली. माझी तक्रार पुरावा म्हणून जोड. मला काय, सव्वीस लोक आहेत.”

सगळ्यांनी डब्याकडे पाहिलं. तेजसमध्ये असं काही असेल असं कुणालाच वाटलं नव्हतं.

“नको,” रूही म्हणाली. “तारीख बघतील. आणि खरं नाही ते.”

तिने मांडीवर लॅपटॉप घेऊन लिहिलं, अक्कांनी अक्षरं मोजली :

‘गुरुवारी सकाळी सहा वाजता आमच्या खात्यावर ३४१ जणींनी एकाच क्षणी “नळ आला” असे लिहिले. त्या यंत्रे नाहीत, शेजारणी आहेत. नळ आलेला नव्हता. प्रत्येकीला पहिले यायचे होते. पहिलीचे नाव वर लावण्याची कल्पना माझी होती; ती चूक होती आणि मी ती काढून टाकत आहे. कोणत्याही शेजारणीशी बोलून आपण खात्री करू शकता. तीन हजार घरे या खात्यावर पाण्याची वाट बघतात. कृपया खाते परत द्यावे.’

“बेस,” झिपरू नाना म्हणाले. सुगराबीने बिस्मिल्ला म्हटलं, यशोदाबाईंनी हात जोडले, आणि रूहीने बटण दाबलं.

खोलीतल्या कुणी श्वास सोडायच्या आत उत्तर आलं. अक्कांनी सवयीने घड्याळ बघितलं होतं. अकरा सेकंद.

‘आम्ही आपले अपील काळजीपूर्वक वाचले आहे. आपले खाते कायमचे बंद करण्यात येत आहे. हा निर्णय अंतिम आहे.’

७

सुगराबी म्हणाली, “अकरा सेकंदांत? मला तर अजून पहिली ओळ झाली नसती.”

“माणसाने वाचलंच नाही, खाला.”

“मग आपल्याला यंत्र कोण म्हणतं?”

बायका एकेक करून उठल्या. जाताना प्रत्येकीने रूहीच्या डोक्यावर हात ठेवला, आणि यशोदाबाई सुगराबीचे कप विसळायला थांबल्या, जे त्या गल्लीत यापूर्वी घडलेलं नव्हतं. रूही लॅपटॉपकडे बघत बसली होती.

“प्रोग्राम आहे माझ्याकडे,” ती अक्कांना म्हणाली. “सगळा आहे. साध्या एसएमएसवर चालवता येईल, कुणाच्या ओट्यावर बसायला नको. दोन दिवसांचं काम. पण पाठवू कुणाला? या गल्लीच्या सव्वीस जणी सोडल्या तर मला एकीचाही नंबर माहीत नाही. तीन हजार घरं, अक्का. दार दार फिरायला वर्ष लागेल.”

“लागेल,” अक्का म्हणाल्या. खोटा दिलासा द्यायची त्यांना सवय नव्हती.

दारात कुणीतरी खाकरलं. नईमभाई अजून गेला नव्हता.

“नंबर ना?” तो म्हणाला. “माझ्याकडे आहेत.”

“कुणाचे?”

“सगळ्यांचे. धुळ्यात एकदा तरी टँकर मागवला नाही असं घर दाखव. गल्लीवार आहेत.” त्याने मोबाइल काढून वाचायला सुरुवात केली. “पुष्पाबाई, दुसरी गल्ली, पाइप लांब लागतो. मृणाली मॅडम, बँकेवाल्या, कुत्रा चावतो. बुद्धभूषण सर, टाकी गच्चीवर, आधी हाक मारणे. दोन हजारांच्या वर आहेत.”

“आणि हे ॲप बंद झालं तर?” अक्कांनी विचारलं.

“ॲप कुठलं? मोबाइलमध्ये आहेत. मोबाइल माझा दोनदा टाकीत पडला, म्हणून कागदावरही उतरवून ठेवलेत. एक कागद गाडीत, एक बायकोकडे.”

नर्मदाबाईंनी नईमभाईकडे पाहिलं. एकतीस वर्षांत दोन बाटल्या आणणारी माणसं त्यांनी मोजकीच पाहिली होती.

“पण तुम्ही का द्याल?” रूहीने विचारलं. “माझ्या नळाने तुमचं नुकसानच केलं.”

“केलं ना. अजून राग आहे मला. म्हणून एक अट आहे. नळ आला हे सांगतेस, तसं नळ नाही येणार हेही सांगायचं. पाइप फुटला की नाना तुला आदल्या रात्रीच कळवतील. गुरुवारी सतरा जणींनी एकदम फोन केला, मी काय हवेत टँकर भरू? आदल्या दिवशी कळलं तर मी भाड्याने दुसरी गाडी लावीन, सगळ्यांना मिळेल.” मग त्याने घाईने जोडलं, “बायकांना आधी विचारायचं हां. ज्या नको म्हणतील त्यांचा नंबर खोडायचा. माझं गिऱ्हाईक आहे ते.”

“विचारीन. प्रत्येकीला फोन करून.”

“मी तुले सांगाले येसु,” झिपरू नाना चावी उचलत म्हणाले. “पाइप फुटना का पहिला फोन तुले.”

साखरेच्या डब्याजवळून तेजस म्हणाला, “अर्धी यादी मी करतो. फोन करायला.” मग तो म्हणाला, “पाणीदूत बंद करून.”

“तिसऱ्या गल्लीपासून घे,” रूही म्हणाली.

तिने नईमभाईच्या गाडीतला कागद मांडीवर पसरला. त्याला डिझेलचा वास येत होता. पहिल्या नावावर बोट ठेवून तिने नईमभाईच्याच मोबाइलवरून नंबर फिरवला. दोनदा रिंग झाली.

“टँकर नको रे बाबा,” पुष्पाबाई म्हणाल्या. “सांगितलं ना परवाच.”

“टँकर नाही, मावशी. मी नळवाली बोलतेय. ओटावरची. तुम्हाला विचारायचं होतं, यापुढे खबर साध्या एसएमएसने पाठवली तर…”

“नळवाली?” पलीकडे भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला. “अगं, मग तीन दिवस होतीस कुठे? आजारी होतीस का?”

रूहीने फोन दुसऱ्या कानाला लावला.

“नाही मावशी,” ती म्हणाली. “आहे मी. लिहून घ्या माझा नंबर.”